भिंत आणि आत्याचं डोकं

अगं ऐका तर खरं, मधे बोलू नका, मी विसरेन. माझी आत्या माहितीये ना, शिवणकामाचं दुकान आहे जिचं, ती? तिच्या पाठीचा मणका मोडला. कशानं? पडद्याच्या कापडाचा तागा फळीवरून काढताना. इतकंच. डॉक्टर म्हणाले हाडं ठिसूळ झालीयेत, गोळ्या लिहून देतो, थोडे दिवस आराम, दुखणं उतरलं की चालायचं, मग पाठीचे व्यायाम.

आता आमच्या घरची पद्धत कशी, की डॉक्टरांचं अर्धंच ऐकायचं आणि ते अर्धं दुप्पट पाळायचं. बाबांच्या कानात शिरलं फक्त 'आराम'. झालं! आत्याला आमच्याकडे आणलं, बाहेरच्या खोलीत पलंग टाकला, कमरेला पट्टा बांधला, तो रात्रंदिवस. चार महिने! पाण्याचा पेलासुद्धा आई हातात द्यायची. आत्या उठायला लागली की बाबा धावत यायचे, "ताई, तू काही करायचं नाहीस!" आणि ताई खरंच काही करेना. घरात इतकं प्रेम, की माणसाला उठायला जागा नाही.

आणि आत्या तरी काय शहाणी! तिचा कुर्ता मागून वर चढायला लागला आणि पुढून लोंबायला लागला. शिंपीण बाई ती, चाळीस वर्षं लोकांच्या पाठी मोजल्यात, दुसऱ्या कुणाचं असतं तर लांबूनच म्हणाली असती, की ही वाकलीये. स्वतःच्या बाबतीत काय म्हणाली? "बये, मागची शिवण उसव, इंचभर सोड, पुढून घे." मी सोडली. महिन्यानं परत. मग तिसऱ्यांदा. आम्ही दोघी मिळून कुर्ता दुरुस्त करत राहिलो, आणि पाठ आपली आरामात वाकतेय!

मग एक दिवस उशीवर ओणवी होऊन चष्मा शोधत होती, आणि आली शिंक. एकच शिंक, हं. दुसरा मणका गेला.

डॉक्टरांनी फोटो बघितला आणि विचारलं, "व्यायाम किती केलात?" बाबा छाती काढून, "छे छे, हलूसुद्धा दिलं नाही!" मला वाटलं आता शाबासकी मिळणार. डॉक्टरांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं आणि दुखणं उतरल्यावर जा म्हणून व्यायामवाल्या बाईंकडे चिठ्ठी दिली. तीन आठवड्यांनी गेलो. त्या बाई म्हणजे जेमतेम माझ्या वयाच्या, पण जीभ अशी!

"काकू, पाठीचे स्नायू मणक्यांना धरून ठेवतात. तुमचे झोपून झोपून वाळलेत. पट्टा काम करतोय, मग ते कशाला करतील? एक मणका दबला की शेजारच्यावर भार. असंच चाललं तर तिसरा जाईल."

"आणि मग?" आत्यानं विचारलं.

"मग कापायच्या टेबलापाशी उभं राहणं विसरा."

तेव्हा पहिल्यांदा आत्याचा चेहरा पडला. मोडल्यावर नव्हता पडला, हं.

बाईंनी तिला भिंतीला टाचा लावून उभं केलं. डोकं भिंतीला टेकेना! आत्यानं पिशवीतून स्वतःचीच टेप काढून माझ्या हातात दिली. मोजलं. डोकं आणि भिंत यांत साडेतीन इंच. मी घाईघाईनं टेप गुंडाळली, कारण त्यातले काही इंच मीच कुर्त्यात सोडले होते ना!

घरी आल्यावर बाबा, "मोडक्या पाठीला व्यायाम? वेड लागलंय का?"

आत्या उसळली, "अरे, तुझ्या आरामानं दुसरा मोडला. तिसरा काय तुझ्या वाढदिवसाला मोडू?"

बाबा चार दिवस फुगून बसले. पण रोज सकाळी आत्या भिंतीपाशी. खांदे मागे, डोकं भिंतीकडे दाबायचं, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. खाली वाकायचं नाही. शिंक आली की हात टेकायचा आणि पाठ ताठ. पट्टा हळूहळू कमी. आई ओरडायची, भिंत खराब होतेय, कारण आत्या खुणेच्या खडूनं दर रविवारी तिथे आकडा लिहायची. साडेतीन, सव्वातीन, परत साडेतीन (त्या रविवारी कुणी तिच्याशी बोललं नाही), तीन. मग कितीतरी आठवडे तीनच. शेवटी अडीच. बाई म्हणाल्या, दबलेले मणके काही फुलून येणार नाहीत, अडीच झालं हे पुष्कळ.

काल ती दुकानात गेली, आम्ही सगळे मागोमाग! बाबांनी टेबलाखाली विटा घालून ते उंच केलं, म्हणजे वाकायला नको. कल्पना आपलीच, असं ते सगळ्यांना सांगतायत, सांगू देत. आत्यानं कापड पसरलं, कात्री घेतली आणि... तिचं नाक हुळहुळलं.

आई म्हणाली, "अगं बाई!" बाबांनी स्टूल पुढे केलं, मग मागे केलं, मग स्वतःच त्यावर बसले. आत्यानं कात्री ठेवली, पंजा टेबलावर टेकला, पाठ सरळ केली आणि दिली एक सणसणीत शिंक, की बटणांचा डबा हलला.

सगळ्यांचे डोळे तिच्या पाठीवर. ती तशीच उभी. पाठीवर हात फिरवला, एकदा, दोनदा.

"काय बघताय सगळे, पिक्चर आहे का?" मग माझ्याकडे वळून, "टेप घे. माझं माप काढ, नवा कुर्ता बेतायचाय. आणि पाठ आहे तेवढीच लिही, बये, मनानं इंच सोडू नकोस."