मोरीतला नेचा

प्लंबरने छिन्नी भिंतीला लावली आणि नानांनी तिच्यावर आपला हात ठेवला.

"तिथे नको. जरा बाजूला."

"ओल तर इथेच आहे, नाना."

ओल तिथेच होती, आणि ओलीत नेचा होता. केसांसारखे काळेभोर देठ, टोकाला मूठ आवळून बसलेली कोवळी पाने. असला नेचा घरादारात उगवत नाही. त्याला दाट जंगलाची सावली आणि झऱ्याकाठचा खडक लागतो. नानांच्या बायकोने त्याच्यापायी डोंगर पालथे घातले होते. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, त्यामुळे सारे तिला बाई म्हणत. नानाही. बाई परतल्या की बुटांचा चिखल याच मोरीत धुवायच्या. त्या गेल्या, बूटही कुणाला देऊन झाले, आणि मग भिंतीच्या चिरेतून हा वर आला. चिखलातून आलेले, धुळीहून बारीक बीजकण चिरेत दडून बसले असणार.

तेव्हापासून नाना मोरीत शिरताना दार वाजवत. नेच्याला त्यांनी कधी थेंबभर पाणी घातले नव्हते. नानांचा हात लागला की झाड मरते, असा बाईंचा निकाल होता. नेचा गळक्या पाइपावर जगतो, म्हणून दुरुस्ती आजवर टळली होती.

पण दारात खालच्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघराचे छत गळत होते.

"उपटून टाका ना एकदाचा. ना फूल, ना फळ."

"आमच्या संसारालाही नव्हतं, वहिनी," नाना म्हणाले. "आम्ही काही उपटला नाही."

वहिनी छताकडे बघू लागल्या.

प्लंबरने शेजारची फरशी काढून आत हात घातला. बोटांना नुसता गंज लागला.

"पाइप कोरडा आहे. गळती नाहीच. इथे रोज कुणीतरी पाणी ओततंय."

दोघांनी नानांकडे पाहिले. नानांनी कोनाड्यातल्या मगाकडे पाहिले. तो उपडा होता, बाई ठेवायच्या तसा. त्याच्या काठावरून एक थेंब ओघळला.

"मीच," नाना म्हणाले.

"मग आधी सांगायचं नाही होय?" प्लंबर म्हणाला. "जरा कमी ओता. नाहीतर पुढच्या खेपेला उपटावाच लागेल."

दोघे गेल्यावर नानांनी दिवा मालवला आणि दार ओढून घेतले. थोडा वेळ बाहेरच उभे राहिले. मग हळूच दार वाजवले.

"जरा कमी ओता, बाई," ते म्हणाले. "खाली छत गळतंय."