भिंतीपलीकडची धून

उइटहॉर्न या डच गावातल्या ओळीतल्या घरांच्या भिंती इतक्या पातळ, की शेजारी शिंकला तर इकडून बाहेर निघालेल्याने दोन मिनिटं थांबावं. वृंदाला त्या भिंतीचा आधी रागच होता. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, नवरा शैलेंद्र जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून बसला, आणि तेव्हापासून तिला त्या भिंतीचाच आधार वाटायला लागला.

पलीकडे डर्मटकाका राहायचे. आयर्लंडमधल्या क्लेअरचे, ऐंशी उलटलेले, चाळीस वर्षांपूर्वी विमानतळावर नोकरीला म्हणून आले ते इथेच राहिले. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच. बायको नोरा लाकडी बासरी वाजवायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी ईफा तिकडे क्लेअरमध्ये. घराण्याची एक धून होती, पणजोबांनी बांधलेली. ती कागदावर उतरवायची नाही, यंत्रात भरायची नाही, शेजारी बसूनच घ्यायची, असा काकांचा दंडक. ईफाने आईची बासरी उचलली, पण वडिलांच्या शेजारी बसणं 'पुढच्या उन्हाळ्यात' म्हणत राहून गेलं.

रोज दुपारी तीनला काका ती धून वाजवायचे. वृंदा पुण्यात सुनीतीताईंकडे बारा वर्षं व्हायोलिन शिकलेली आणि लग्नानंतर ते माळ्यावर टाकलेलं. एप्रिलमध्ये तिने ते खाली काढलं. काका एक तुकडा वाजवून थांबले, की ती भिंतीला पाठ लावून हळूच तो वाजवून बघायची.

"अगं, ही सरळ सरळ चोरी आहे," शैलेंद्र हेडफोन काढून म्हणाला.

"गप रे. तू कॉल घे."

पण ते तिच्या मनाला लागलं. दुसऱ्याच्या घराण्याची चीज मागितल्याशिवाय घ्यायची नाही, हे सुनीतीताईंनी कान पिळून शिकवलेलं. कुंपणापाशी काका भेटायचे, दोन मीटरवरून सफरचंदाचा केक सरकवायचे, हवापाण्याचं बोलायचे. वृंदा रोज ठरवायची, आज विचारू. आणि रोज केकची रेसिपी विचारून परत यायची.

नोव्हेंबरमध्ये काकांना ताप आला. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, हॉस्पिटलात पाठवलं. जाताना त्यांनी किल्ली वृंदाकडे दिली. नवव्या दिवशी ते गेले. त्या रात्री ईफाने फोनवर ते वृंदाला कळवलं. तीन वाजता भिंत गप्प राहणार, हे वृंदाला सहन होत नव्हतं.

ईफाला येणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन केला. "घरात एखादी कॅसेट सापडते का बघाल? त्या धुनेतला बाबांचा भाग कुणालाच येत नाही. बाबांबरोबर ती गेली तर..."

वृंदाने कपाटं, खोकी, बिछान्याखालचे ड्रॉवर सगळं पालथं घातलं. एकही कॅसेट नाही. दंडक म्हणजे दंडक. घरी येऊन तिने धीर केला आणि व्हिडिओ कॉल लावला.

"मी ती धून भिंतीतून ऐकून ऐकून घेतली आहे. न विचारता. माझं चुकलं."

"वाजवा," ईफा म्हणाली.

वृंदाने वाजवली. ईफा डोळे मिटून ऐकत होती, मग एकदम म्हणाली, "मधली जागा कुठे गेली?"

"कुठली?"

"तिसऱ्या भागात बाबा थांबायचे."

थांबायचे खरे. वृंदाला वाटायचं, दमतात बिचारे. म्हणून तिने दोन्ही टोकं जोडून टाकली होती. इतकी सफाई तिला बारा वर्षांत कधी जमली नव्हती!

"ती आईची जागा," ईफा म्हणाली. "आई गेल्यावरही ते ती मोकळी सोडायचे."

वृंदाने पुन्हा सुरुवात केली आणि तिसऱ्या भागात गज उचलला. फोनमधून, क्षणभर उशिरा, बासरी आली. तिचं संपल्यावर वृंदाने पुढचं उचललं. दोघी रडत होत्या आणि दोघी सुरात होत्या.

बऱ्याच वेळाने ईफाने विचारलं, "पण भिंतीतून एवढं कसं उचललंत? बाबा तर वाऱ्यासारखे वाजवायचे."

"छे! सावकाश. एकेक तुकडा दोन-दोनदा. मध्ये थांबून."

ईफाने बासरी खाली ठेवली. "बाबा आयुष्यात फक्त एकाच प्रसंगी सावकाश वाजवायचे," ती म्हणाली. "शिकवताना."

अंत्यविधीला तीसच माणसांना परवानगी होती, आली अकरा. लॅपटॉपवर क्लेअरहून ईफा, हातात बासरी. वाजवण्याआधी धून कुणाकडून घेतली ते सांगायचं, ही त्यांच्याकडची रीत तिने आधीच समजावली होती.

वृंदा काकांचं फिडल घेऊन उभी राहिली. 'मी चोरून घेतली,' हे वाक्य तिने आठ महिने मनात घोळवलं होतं.

"ही मला डर्मटकाकांनी शिकवली," ती म्हणाली, आणि गज तारेवर ठेवला.