डावी बाजू फुकट

चहाचा पहिला घोट तोंडात न राहता सरळ हनुवटीवरून स्वेटरवर ओघळला, तेव्हा आत्याबाईंना वाटलं, कपच कुठेतरी तडकला असेल. त्यांनी कप उलटसुलट करून पाहिला आणि दुसरा घोट घेतला. तोही त्याच वाटेने गेला.

समोर धाकटी बहीण पावाला लोणी लावत होती. "ताई, लाळेरं बांधू का?" असं म्हणत तिने वर बघितलं आणि तिचा हात तिथेच थांबला. "ताई, हस बघू."

आत्याबाई हसल्या. म्हणजे अर्ध्या हसल्या. डावा गाल वर चढला, उजवा ढिम्म. उजवा डोळा मिटेना, उजवी भुवई हलेना, ओठाचा उजवा कोपरा खाली लोंबत राहिला. बहिणीने लोणी लागलेल्या हातानेच टॅक्सीला फोन लावला.

आत्याबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव बहीण आणि बँक सोडून कुणाला आठवत नव्हतं. उभी हयात त्यांनी नाटकांत शेजारीण, मोलकरीण आणि मेलेल्या माणसाची रडणारी नातेवाईक अशा भूमिका केल्या होत्या. मग केस पांढरे झाल्यावर 'कोपऱ्यावरचं दुकान' ही विनोदी मालिका त्यांच्या पदरात पडली. एका लहानशा गावातलं दुकान, गल्ल्यावर तोंडाळ आत्याबाई, आणि येणारंजाणारं गाव. गिऱ्हाइकाने थाप मारली की आत्याबाई नुसती एक भुवई उचलायच्या आणि घराघरांत लोक पोट धरून हसायचे. आता नेमकी तीच भुवई संपावर गेली होती.

"अर्धांगवायू नाही, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या घ्या, डोळ्यात थेंब टाका, झोपताना पापणीवर पट्टी लावा. बहुतेकांचं बरं होतं."

"आणि बाकीच्यांचं?" बहिणीने विचारलं.

"थोडं राहतं," डॉक्टर म्हणाले आणि औषधं लिहायला लागले.

दुसऱ्याच दिवशी चॅनेलचे साहेब फुलांचा गुच्छ घेऊन घरी आले. मागे मालिकेचे दिग्दर्शक होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी आत्याबाईंकडे एकदाच बघितलं आणि मग ते खिडकीच्या पडद्याशी बोलू लागले.

"तुम्ही आता मस्त आराम करा," साहेब म्हणाले. "आत्याबाईंना आम्ही त्यांच्या लेकीकडे राहायला पाठवतोय. दुकानात त्यांची तरुण भाची येईल. जरा ताजा चेहरा."

"आत्याबाईंना लेक नाही," बहीण म्हणाली. "गेल्याच वर्षी गल्ल्यावरून म्हणाल्यात, मूल नाही ते बरंय, नाहीतर तेही दुकानात येऊन गप्पाच मारत बसलं असतं."

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर पडद्याकडे.

"प्रेक्षक एवढं लक्षात ठेवत नाहीत," साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त फोनवरचा निरोप घ्या. आवाज पुरे. मी आता परत येणार नाही, सांभाळून राहा, एवढंच. लोक हळहळतील."

"मला उभं राहता येतं," आत्याबाई म्हणाल्या. शब्द जरा बोबडे आले. "हात चालतात. संवाद पाठ होतात. मग?"

साहेब दुष्ट माणूस नव्हते. खुर्ची पुढे ओढून ते मवाळपणे म्हणाले, "आत्याबाई, माणसं दिवसभराची दमून टीव्ही लावतात. तुम्हाला असं बघून त्यांना वाईट वाटेल. आणि एकदा कीव आली की हसू मेलं. तुम्हाला मी काय सांगायचं?"

दोघे गेले. साहेबांवर राग काढणं सोपं होतं, पण माणूस चुकीचं बोलला नव्हता. आरशासमोर उभं राहून त्यांनी एकेक चेहरा करून बघितला. रागावलेला, लाडिक, संशयी. प्रत्येक चेहरा अर्ध्यात फाटत होता. त्या आरशाला म्हणाल्या, "बघतोस काय?" आणि आतल्या खोलीत जाऊन पालथ्या पडल्या. बहिणीने दार लोटून घेतलं आणि स्वयंपाकघरातला रेडिओ मोठा केला, म्हणजे ताईला मोकळं रडता येईल.

निरोपाचा फोन लिहून घेऊन आली मालिकेची लेखिका. मोठ्या चष्म्याची, सदा घाईत असणारी मुलगी. ती स्वतः अशाच एका लहान गावातली होती, आणि मालिकेतली निम्मी माणसं तिने आपल्याच गल्लीतून उचलली होती. आज मात्र ती कागद पुढे करेना.

"वाच की," आत्याबाई म्हणाल्या.

"मला आवडलेलं नाही."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरच्या बाईंना कात्री हवी होती. कात्री हातात पडली तरी त्या दारातून मान लांब करून आत बघत राहिल्या. त्या जातात न जातात तोच समोरचे गृहस्थ आले. आमच्याकडचं घड्याळ बंद पडलंय, किती वाजले, असं विचारताना त्यांच्या मनगटावरचं घड्याळ चांगलं चालू होतं. मग जिन्यालगतच्या आजी आल्या. त्यांना काय हवं होतं ते त्यांनाच आठवेना.

"सकाळपासून हेच चाललंय," बहीण करवादली. "म्युझियम झालंय घराचं. तिकीट लावते आता."

लेखिका आधी गालात हसली, मग मोठ्याने. तिने तोंडावर हात घेतला, पण हसू थांबेना. "सॉरी, आत्याबाई. पण आमच्या गावात अगदी हेच झालं असतं. कोपऱ्यावरच्या दुकानदारणीचं तोंड वाकडं झालं तर घरी कोण बसेल? सगळं गाव दुकानात लोटेल. कुणी दोरी घ्यायला, कुणी बटण घ्यायला. बघायचं एवढंच, पण रिकाम्या हाताने कसं बघायचं!"

आत्याबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. चांगला डोळा हळूहळू बारीक झाला.

"आणि आत्याबाई मूर्ख आहेत का?" त्या म्हणाल्या. "बघायला आलेल्याला नुसतं बघू देतील?"

निरोपाचा कागद लेखिकेने उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर दोघी लिहायला बसल्या. प, ब, भ, म आले की आत्याबाईंचे ओठ दगा देत. बादलीची वादली व्हायची. लेखिका म्हणाली, तसे शब्द टाळून लिहिते. "एकही शब्द काढायचा नाही," आत्याबाई म्हणाल्या. "माझी जीभ अडखळते, गावाची कशाला अडखळवतेस? मी बघते काय करायचं ते."

चित्रीकरणाच्या दिवशी स्टुडिओतली प्रेक्षकांची बाकं भरली होती. सेटवर दुकान सजलं होतं, दोऱ्या, झाडू, खिळ्यांचे डबे. नवी पानं लेखिकेने नटांना आधीच गुपचूप दिली होती; मास्तरांनी ती आता पडद्यामागे वाचली. एका जागी ते हसले आणि लगेच त्यांनी काचेच्या खोलीकडे चोरून बघितलं. निरोपाचाच भाग होणार असं धरून साहेब वरून सगळं बघायला बसले होते.

"माझी मान जाईल, आत्याबाई."

"तुम्ही कॅमेरे चालू ठेवा. नाही हसले लोक, तर मी स्वतः वर जाऊन साहेबांना सांगते, तुम्ही बरोबर होतात. निरोपाचा फोन तिथेच देते. पण हसायचं की नाही ते लोकांना ठरवू द्या. त्यांच्या वतीने साहेबांनी का ठरवायचं?"

मास्तर कॅमेऱ्यांकडे वळले. त्यांनी कानावर हेडफोन चढवला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून भाऊजी दुकानात शिरले. मालिकेत ते आत्याबाईंचे दीर होते, बाहेरही त्यांना सगळे भाऊजीच म्हणत. आत्याबाई गल्ल्यामागून वळल्या आणि चेहरा पूर्ण उजेडात आला. बाकांवर एकदम सामसूम झाली. मग पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी तोंडून मोठ्याने निघालं, "अरेरे!"

नको होतं तेच झालं होतं. भाऊजींना पुढचं वाक्य आठवेना. वर काचेमागे साहेब उठून उभे राहिले.

आत्याबाईंनी मान सावकाश त्या रांगेकडे वळवली. हे पानात नव्हतं. "अरेरे म्हणायचं असेल तर दाराबाहेर," त्या म्हणाल्या. "आत आल्यावर काहीतरी घ्यावं लागतं. डावी बाजू फुकट आहे. उजवी बघायची तर खरेदी करा."

पुढच्या रांगेतले एकमेकांकडे बघू लागले. मग त्याच रांगेतून हसू फुटलं, मागच्या रांगांत गेलं, आणि भाऊजी जागे झाले.

"वहिनी, तोंड का वाकडं केलंत? माझं काही चुकलं का?"

"केलं नाही, झालंय. तुम्हाला बघून करायचं ते आधीच करून झालंय. काय हवं?"

"मला? मला… ते हे हवं होतं."

"ते हे संपलं. वादली घ्या."

"वादली म्हणजे काय?"

आत्याबाईंनी एक बोट उजव्या गालाला लावलं, ओठाचा कोपरा मापाने वर उचलला, आणि शाळेतल्या बाईंसारखं सावकाश म्हणाल्या, "बा-द-ली." बोट काढलं. कोपरा धपकन खाली आला. "एक वस्तू, दोन नावं. दोन्हीचे वेगळे पैसे."

आता लोक आवरण्यापलीकडे गेले होते. गिऱ्हाइकामागून गिऱ्हाईक येत राहिलं. कुणी उंदराचा पिंजरा घेऊन गेलं, कुणी एकाच पायाची चप्पल. शेवटी दुकानात विकायला काही उरलं नाही, आणि गल्ल्यावर एकट्या राहिलेल्या आत्याबाईंनी न मिटणाऱ्या डोळ्यात थेंब टाकले. ते गालावरून ओघळले. बाकांवरचे काही जण डोळे पुसत होते, पण आत्याबाईंचं पुढचं वाक्य हसण्यात बुडू नये म्हणून हसू दाबूनही धरत होते.

साहेब तणतणत खाली आले. "हा भाग जाणार नाही. इथले हसले म्हणून घरी बसलेले हसतील असं नाही. उद्या भाचीला घेऊन पुन्हा करा."

मास्तर खाली बघत होते. भाऊजींनी खांद्यावरचा टॉवेल काढून दुकानाच्या फळीवर ठेवला. "मग उद्या दीर पण नवा बघा," ते म्हणाले. लेखिका म्हणाली, भाचीचं एकही वाक्य माझ्याकडून मिळणार नाही. हे सगळं ऐकून मास्तरांनी मान वर केली. "साहेब, मलाही नाही जमायचं," ते म्हणाले, आणि आपण हे बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

ठरलेल्या वेळी दाखवायला चॅनेलकडे दुसरं काही तयार नव्हतं, म्हणून तोच भाग गेला. काहींनी कळवलं की हे बघवत नाही, टीव्ही बंद करावा लागला. पण बाजारात एक अनोळखी माणूस आत्याबाईंना थांबवून नुसता उभा राहिला. त्याचाही गाल खाली आलेला होता. त्याने बोटाने ओठाचा कोपरा उचलला, "बादली" म्हणाला आणि पुढे निघून गेला.

साहेबांनी नाराजी पुन्हा बोलून दाखवली नाही, पण मालिका रात्रीच्या चांगल्या वेळेवरून उचलून भर दुपारी टाकली. दुपारी कोण बघतंय, असं त्यांचं गणित असावं. बघणारे होते. आजारी माणसं, रात्रपाळीवाले, घरी एकट्या बसलेल्या बायका. मालिका चालत राहिली.

आत्याबाईंचा गाल बराचसा वर आला. सगळा नाही. डोळा मिटायला लागला, भुवई मात्र परतली नाही. मास्तरांनी नवा कॅमेरामन आणला तेव्हा तो चांगल्या मनाचा पोरगा पहिल्याच दिवशी त्यांची चांगली बाजू शोधून कॅमेरा तिकडे सरकवू लागला.

"कुठे निघालास?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुम्ही इकडून जास्त छान दिसता, आत्याबाई."

"ते मलाही माहीत आहे. आता इकडे ये, समोर. हां, अजून. थांब तिथेच." त्यांनी एप्रनची गाठ घट्ट केली आणि मास्तरांना हाक मारली, "चला, करूया सुरू!"