हमिंगबर्डांसाठी मध

वेंडेलने ओट्यावरून बोट फिरवलं, बोटाला चिकटलेले पांढरे कण डोळ्यांजवळ नेऊन निरखले आणि जिभेवर ठेवले. साखर.

या घरात साखर असायचं काही कारणच नव्हतं. मार्चमध्ये लुएलाला झटका आला, डावी बाजू लुळी पडली, आणि डॉक्टरांनी तिच्या मधुमेहावरून वेंडेलला असं काही सुनावलं की घरी पोचताच त्याने फडताळं धुंडाळून साखरेचा कण न् कण कचऱ्यात टाकला. केकवर पेरायची रंगीत साखरसुद्धा. "विष आहे ते," असं तो तिला म्हणाला होता. तिने मान हलवली होती. होकाराची की नकाराची, ते त्याने विचारलं नव्हतं.

मग ही साखर आली कुठून?

आतल्या खोलीत लुएलाचं करायला येणारी ग्रासिएला तिचे केस विंचरत होती. दोघींचं स्पॅनिशमध्ये काहीतरी चाललं होतं. लुएलाने शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेला. ती भाषा तिला पाण्यासारखी यायची. वेंडेलला खाणीपुरती येत होती. पाणी, पंप, सावकाश आणि शिव्या. यांतलं एकही आत ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होतं ते हसू, आणि तो दारात येताच तेही थांबलं.

तांब्याची खाण चालू होती तोवर वेंडेल तिथे पंप सांभाळायचा. जमिनीच्या पोटात पाणी कुठून झिरपतंय हे त्याला नुसत्या आवाजावरून कळे. माणसांच्या बाबतीत मात्र त्याची एकच रीत होती: गळती दिसली की शेवटी ज्याने हात लावला त्याला धरायचं. आणि या घरात आता सगळ्याला शेवटचा हात ग्रासिएलाचा लागत होता.

बोटाला सुई टोचून लुएलाची साखर मोजायचं यंत्र रोज चांगला आकडा दाखवत होतं. त्या दिवसापासून वेंडेलचा यंत्रावरचाही विश्वास उडाला.

दाणागोट्याच्या दुकानाचा मालक मर्ल, त्याने त्यात तेल ओतलं. वेंडेल खरं तर तिथे बढाई मारायला गेला होता. लुएलाच्या खिडकीसमोर, मेस्कीटच्या काटेरी झाडाच्या फांदीला हमिंगबर्डांचा फीडर टांगलेला असे. काचेची उलटी बाटली, खाली लाल प्लॅस्टिकची फुलं. लग्न झाल्यापासून त्यातलं गोड पाणी लुएलाच करायची. टांगायचा आकडा उंच असल्यामुळे वेंडेल फक्त टांगून द्यायचा. ती पडल्यावर ते काम त्याने अंगावर घेतलं. जे लुएलाला चालत नाही ते तिच्या पाखरांना कसं चालेल, असा सरळ विचार त्याने केला आणि भावाच्या मधमाश्यांच्या पेट्यांतला मेस्कीटचा मध काढला. कोमट पाण्यात कालवायचा, तलम फडक्यातून गाळायचा, बाटली पुसून लखलखीत करायची. सुरुवातीला पाखरं कमी झाली होती, पण आता फीडरवर नुसती झुंबड होती. दक्षिणेकडे निघालेला तो तांबूस, भांडखोर नर तर दिवसभर पहारा देऊन बाकीच्यांना हाकलत होता. लुएला त्याला शेरीफ म्हणायची.

"मधाची करामत," वेंडेल म्हणाला.

"पाखरांचं राहू दे," मर्ल पोतं शिवता शिवता म्हणाला. "त्या बाईच्या पिशवीत काय असतं ते कधी बघितलंस? पगारी माणसाची पिशवी येताना हलकी असते आणि जाताना जड."

वेंडेलने लक्ष ठेवलं. ग्रासिएलाची पिशवी येताना जड होती आणि जाताना हलकी. मर्लच्या सांगण्याच्या हे अगदी उलट होतं, आणि म्हणूनच वेंडेलला जास्त भ्यायला झालं. ती काही नेत नव्हती. आणत होती.

त्याला आता उघडच दिसत होतं. लुएलाला गोडाची आवड. ती लाडीगोडी लावणार आणि ही बाई कॉफीत गुपचूप चमचा टाकणार. बायको हसतेय ती कशामुळे, तर मरणाचा घास खाऊन.

दुसऱ्या दिवशी, पोस्टात जाऊन येतो, असं सांगून तो बाहेर पडला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि बाजूच्या फाटकातून परत आला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. लुएलाची चाकांची खुर्ची दारात आणलेली होती आणि ती उजव्या हाताने काहीतरी खुणावत होती. ग्रासिएला साखरेचा पुडा फाडत होती.

वेंडेल आत शिरला. "काय चाललंय?"

ग्रासिएलाने पुडा लपवला नाही. "साखर आहे, मिस्टर वेंडेल."

"माझ्या बायकोला मारायचंय का तुला?"

"मिस लुएलाला कणभर देत नाही मी. ही पाखरांची."

"पाखरांना मी मध घालतो."

"हो," ग्रासिएला म्हणाली आणि लुएलाकडे बघू लागली.

मोरीत फीडरची बाटली पालथी पडलेली होती. सकाळी त्याने भरलेलं सोनेरी पाणी नळीतून कधीच वाहून गेलं होतं. वेंडेलने दाराकडे बोट केलं. पिशवी उचल आणि चालती हो, असं तो म्हणाला, तेवढ्यात लुएलाने खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"मी सांगितलं तिला." झटक्यानंतर तिचे शब्द एकेक करून यायचे. "मध आंबतो. उन्हात. बुरशी धरतो. त्यांच्या जिभा सुजतात." ती दम घ्यायला थांबली. "मरतात, वेंडेल."

झुंबड मधामुळे नव्हतीच तर. फुलातल्या रसाच्या सगळ्यात जवळची असते ती साधी पांढरी साखर. हे गावातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं, कारण लुएलानेच ते त्यांना जेवणाच्या रांगेत उभं असताना शिकवलं होतं. एक शिकवायचा राहिला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"फडक्याने गाळत होतास." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "इतकं जपून करत होतास. माझ्याने सांगवेना. आणि तू... विचारलं नाहीस."

वेंडेलने टोपी काढून खुंटीला लावली. पण संशयाचं रोप एकदा रुजलं की लगेच वाळत नाही. "माझं आणखी काय काय ओतून देता तुम्ही दोघी?"

लुएलाने ग्रासिएलाकडे बघितलं. ग्रासिएलाने नळाकडे.

"सूप," लुएला म्हणाली.

"आणि दलिया?"

"दलिया शेजारच्या कोंबड्यांना."

"कोंबड्यांना फार आवडतो, मिस्टर वेंडेल," ग्रासिएला म्हणाली. ते समजूत काढण्यासाठी होतं, पण त्याने समजूत काही निघाली नाही.

तो स्टुलावर बसला. सूप, दलिया, मध. झटका आल्यापासूनचं एवढं. त्याच्याआधी ती धडधाकट होती, सगळं तिच्याच हातात होतं, तेव्हाची यादी किती लांब असेल हे विचारायचा धीर त्याला झाला नाही. खाणीतून रोज वर यायचा, समोर येईल ते खायचा, बरं आहे म्हणायचा. ती काय गिळून बसते याचा आवाज त्याला कधी आला नव्हता.

मग तो उठला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि पातेलं पुढे ओढलं. ग्रासिएला मदतीला सरकली, तसा लुएलाने उजवा हात वर केला. ग्रासिएला जागच्या जागी थांबली.

"सांग," वेंडेल म्हणाला.

"चार कप पाणी. एक साखर. रंग नको."

त्याने पाणी मोजून ओतलं. मग कप पुड्यात खुपसला आणि वर चांगली टेकडी भरून बाहेर काढला.

"शीग काढ."

"असू दे की. लांब जायचंय त्यांना."

"शीग काढ, वेंडेल."

त्याने सुरीची पाठ फिरवून कप सपाट केला, पातेल्यात रिता केला आणि गॅस पेटवला. बाहेर मेस्कीटच्या रिकाम्या आकड्याभोवती शेरीफ तडफडत घिरट्या घालत होता. लुएला तिकडे बघत नव्हती. ती वेंडेलच्या हातांकडे बघत होती, आणि काही चुकलं की सांगत होती.