डोके गेले आणि पाहुणे आले

मित्रांनो, डोके गेल्यावर शहाणपण आले असे कोणी सांगितले, तर तुम्ही हसाल. पण माझे अगदी तसेच झाले. मी एक जुने बुजगावणे आहे. केडगावच्या पुढे, पुणे रस्त्यापासून जरा आत, प्रभुदास आबांच्या रानात मी उभा असतो.

बाभळीच्या दोन काठ्या, एक उभी आणि एक आडवी, सुतळीने बांधून आबांनी मला घडवले. मरियाआजीने तडा गेलेले मडके डोके म्हणून दिले, त्यावर चुन्याने डोळे काढले आणि आबांचा लग्नातला काळा कोट माझ्या अंगात चढवला. आबांना तो पोटावर बसत नव्हता. मला मात्र झकास बसला.

ज्वारीच्या दिवसांत काय थाट होता माझा! कणसांत दाणा भरला की पाखरांचे थवे यायचे आणि माझा कोट फडफडला की भुर्रकन उडून जायचे. "आमचा राखणदार लई कडक हाय," असे आबा शेजारच्या सहादेवला सांगायचे. मी फुशारून जायचो. माझ्या अंगावर एकही पाखरू बसायला धजत नाही, याचाच मला मोठा अभिमान होता.

यंदा आबांनी ज्वारीऐवजी हरभरा पेरला. पीक बदलले, पण सवय कुठे बदलते? पेरणी उरकताच त्यांनी मला नेहमीच्या जागी रोवले.

हरभरा फुलला, घाटे धरले आणि घाटेअळी आली. घाट्याला भोक पाडून अर्धी आत, अर्धी बाहेर, अशी ती निवांत जेवत असे. मरियाआजीच्या जिवाला घोर लागला. चर्चमधला सुगीचा सण जवळ आला होता आणि पहिल्या पिकातले निवडक वेदीपुढे ठेवायची त्यांच्या घरची रीत होती.

"किडका घाटा देवापुढं कसा न्यायचा?" ती म्हणाली. "आन् वर्सभर डाळ कशाची शिजवायची?"

"फवारा मारा की," सहादेव म्हणाला.

"आमची पोरगी रोज हितलंच डहाळं खाती," आबा म्हणाले आणि फवाऱ्याची गोष्ट तिथेच राहिली.

ही पोरगी म्हणजे त्यांची नात, सातवीतली ग्लोरिया. विज्ञानाचे शब्द पाठ करायला ती माझ्याजवळ बांधावर येऊन बसायची. त्या दिवशी तिने समोरचेच उदाहरण घेतले. "हरभरा, उत्पादक. अळी, प्राथमिक भक्षक. अळीला खाणारा, द्वितीय भक्षक..." आणि ती थांबली. तारेवरचा एक कोतवाल पक्षी आमच्याकडे झेपावला, माझा कोट फडफडताना पाहून दचकला आणि माघारी फिरला.

ग्लोरिया धावत सुटली. "आबा, अन्नसाखळी आपनच तोडलीय! अळ्या खानारी पाखरं आपनच हाकलतोय!"

"आगं, पाखरं पीक खात्यात."

"ती ज्वारीवरची. कोतवालाला दाना नको, अळी पायजे. आबा, ह्याचं डोकं काढा!"

माझ्या मडक्यात लख्ख उजेड पडला, पण तेवढ्यात मडकेच उतरले. कोटही गेला. आजीने काठ्यांकडे पाहिले. "सरपनाला बऱ्या हायती."

मित्रांनो, माझा जीव चुलीपर्यंत जाऊन आला.

"न्हाई आजी," ग्लोरिया म्हणाली. "त्याला तसाच राहू दे. पाखरांना बसायला जागा नको का? बाई त्याला पक्षीथांबा म्हनत्यात."

उघडाबागडा उभा राहिलो. लाज वाटत होती. सकाळी खांद्यावर काहीतरी हलके टेकले. कोतवाल होता! दुभंगलेली शेपटी सावरत त्याने खाली पाहिले, सूर मारला आणि चोचीत अळी घेऊन परत माझ्याच खांद्यावर येऊन बसला. मागोमाग साळुंक्या आल्या. इतकी वर्षे मी किती एकटा होतो, ते मला तेव्हा कळले.

सगळे घाटे वाचले नाहीत. पण आजीचे सूप भरले आणि सणाच्या दिवशी तिने ते ताठ मानेने वेदीपुढे नेले. घरात डाळही आली.

तेव्हा मित्रांनो, कोणालाही हाकलण्याआधी तो काय खातो, एवढे तरी बघत जा. माझा कोट पेटीत आहे. पुढच्या ज्वारीला तो पुन्हा चढवू, असे आबा म्हणतात. घालीन बापडा, ते माझे कामच आहे. पण खरे सांगू? त्यानंतर हरभरा कधी पेरणार, याचीच मी वाट बघणार आहे.