डिस्कसच्या टाकीतली कुंडी

मी कुंडी बोलतेय. मातीची, साधी, गडद विटकरी रंगाची. माझ्यात आजवर एकही रोप लागलेलं नाही आणि त्याचं मला काडीचंही दुःख नाही. माझ्यावर मासे जन्मतात. सांगा, तुमच्या ओळखीतल्या किती कुंड्यांना हे जमलंय?

भट्टीतून निघाल्यावर मी रोपवाल्याकडे आले आणि रस्त्याकडेला धूळ खात पडले. एके दिवशी एक बाई आल्या. टिचकी मारून माझा आवाज ऐकला, आतबाहेर हात फिरवला आणि रंगबिंग लावलेला नाही ना, याची दोनदा खात्री करून घेतली. मग मला पोटाशी धरून घरी घेऊन गेल्या. तिथे मोठ्या पातेल्यात मला चांगलं उकळलं. सुनेने साबणाची वडी उचलली, तर तिच्या हातातून काढूनच घेतली. साबण म्हणजे माशांना विष, म्हणाल्या.

सून त्यांना आई म्हणते, म्हणून मीही आईच म्हणते. आईंची सगळी नोकरी प्रसूतीच्या वॉर्डात झाली, नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर घरात बसून नुसती चिडचिड. भाजी जाड चिरली, पडदा वाकडा लावला, दिवसभर सुनेच्या मागे भुणभुण. मग मागच्या खोलीत डिस्कस आले, ताटलीसारखे गोल, चपटे मासे, आणि बाई माणसांत आल्या. पण त्या खोलीत सुनेचं शिलाई मशीन होतं. ते स्वयंपाकघराच्या दारात गेलं. येणारा जाणारा प्रत्येकजण त्याला अडखळायचा. आईंचा मुलगा या भांडणात पडत नसे. तो पेपर तोंडासमोर धरायचा.

टाकी लावायची म्हटलं की लोक तळाला रंगीत खडे घालतात, प्लास्टिकचा किल्ला ठेवतात. आईंनी असले लाड केले नाहीत. पिल्लं काढायची तर तळ उघडा हवा, रोज पुसता आला पाहिजे. तीन बाजूंना पांढरा कागद, म्हणजे माणूस हलला तरी मासे बिचकत नाहीत. पाणी साफ करायला एक पांढरा स्पंज, पाणी कोमट राहायला हीटर. पाणीसुद्धा नळाचं थेट नाही, आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवलेलं. आणि मधोमध उलटी घातलेली मी. डिस्कसला अंडी घालायला उभी, खरखरीत जागा लागते. त्या टाकीत तशी जागा म्हणजे मीच. बाकी सगळं माझ्या दिमतीला.

आधीच्या खेपा वाया गेल्या. जोडी अंडी घालायची आणि स्वतःच खाऊन टाकायची. मग आईंची चिडचिड पुन्हा सुरू व्हायची. शेवटी सुनेचाही धीर सुटला. टाकीसमोर उभी राहून ती म्हणाली, "आई, या खेपेला पिल्लं जगली तर टाकी राहू दे. नाही जगली तर मासे दुकानात परत द्यायचे आणि माझं मशीन इथे येईल." आई कबूल झाल्या. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत, त्यामुळे मला धडकीच भरली.

त्या खेपेला जोडीने मला तोंडाने घासून घासून लख्ख केलं. मादी खालून वर सरकत ओळीने अंडी घालत गेली, नर तिच्या मागोमाग. खसखशीच्या दाण्याएवढी अंडी! या वेळी एकानेही ती गिळली नाहीत. दोघं पाळीपाळीने पंखांनी वारा घालत राहिले. अंडी फुटली आणि माझ्या अंगावर शेकडो इवल्या शेपट्या वळवळू लागल्या. आई खुर्ची टाकून समोर बसल्या. सुनेनेही पहिल्यांदाच त्यांच्यासाठी चहा तिथे आणून दिला.

मग पिल्लं पोहायला लागली आणि घोळ झाला.

डिस्कसची पिल्लं आईबापांच्या अंगावर वाढतात. दोघांच्या अंगावर तेव्हा एक चिकट थर येतो, तेच त्यांचं दूध. पिल्लं गडद रंगाकडे धावतात, म्हणून एरवी आईबाप त्या दिवसांत काळवंडतात. पण आईंनी दिसायला देखणी म्हणून फिकट पिवळी जोडी निवडली होती. ती पिवळी ती पिवळीच राहिली. पांढऱ्याफटक टाकीत गडद अशी मी एकटी. सगळी पिल्लं आली ती माझ्याकडे.

खरं सांगते, आधी मी फुगले. मलाच आई समजतायत म्हटल्यावर कोण फुगणार नाही? मग ती मला टोचू लागली, चोखू लागली. बापाने तोंडात धरून चार पिल्लं उचलून नेली, तर सोडल्याबरोबर ती परत माझ्याकडे. मातीला कुठून दूध येणार? त्यांची पोटं आत जात होती आणि मला ओरडता येत नव्हतं. तेवढी असहाय मी कधीच झाले नव्हते.

आई मात्र खूश. जन्मल्या जागेला धरून आहेत, म्हणाल्या. बाळंतिणीची खाट हलवायची नाही, हा त्यांच्या वॉर्डातला नियम. तोच त्यांनी टाकीला लावला आणि पाण्यात कोणाला बोट घालू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सून हातशिलाई घेऊन आईंच्या शेजारी बसली होती. तिने बराच वेळ पाहिलं. तिने काही बोलायची गरज नव्हती. गप्प राहिली असती तर खोली तिचीच होती.

"आई, ही कुंडीच चोखतायत," ती म्हणाली. "उपाशी आहेत."

"मला बाळंतपण शिकवतेस?" आई म्हणाल्या. पण चष्मा लावला, वाकल्या आणि काचेला नाक लावून पाहत राहिल्या. चेहरा उतरला. "बाळ पीत नसेल तर माझा नियम काय चाटायचाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझा हात हलका आहे. तू काढ तिला."

शिवणारा हात तो. तिने मला तसूतसूने वर घेतलं, मध्येच थांबली, पिल्लं सुटू दिली, पुन्हा वर घेतलं. मला बाहेर यायचं नव्हतं आणि यायचंच होतं. आईंनी नळीने पाणी उतरवलं, म्हणजे पिल्लांना आईबाप जवळ पडतील.

मी टेबलावरून बघत होते. पिल्लं सैरभैर झाली, काही तळाला पडली. मग एक बापाच्या कुशीला लागलं. मग दुसरं. मग झुंडच. बापाने अंगाला झटका दिला तशी ती मादीच्या अंगावर गेली. सगळी नाही वाचली, पण बरीच वाचली. आई रडल्या. सून मशीनकडे जायला उठली, तर त्यांनी तिचा हात धरला. "मशीन इथे आण. मासे सवय करून घेतील." दोघींनी मिळून ते उचलून आणलं.

आता मी खिडकीत वाळत बसले आहे. पिल्लं माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि तसंच हवं. तुम्ही कधी अशी टाकी लावलीत तर माझ्यासारखी कुंडी जरूर ठेवा. अंडी आम्ही बिनधास्त सांभाळतो. पण पिल्लं पोहू लागली की आम्हाला बाहेर काढा, मी मुळीच आढेवेढे घेणार नाही. फक्त हळू काढा. शेवटचं एखादं पिल्लू काठाला धरून असतं.