बुधवारी थांबलेली तालीम

कंपनीची बस कोथरूडहून निघाली आणि उल्काने खिडकीला डोकं टेकलं. वडील गेल्याला सोळा दिवस झाले होते. चौदावा पार पडला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आज शुक्रवारी ती पहिल्यांदाच खराडीला कामावर निघाली होती. या दिवसांत तिला सगळंच लांबून ऐकू येई. आपण पाण्याखाली आहोत आणि माणसं काठावर बोलताहेत, तसं.

अर्धवट झोपेत वडील दिसले. गोपाळकृष्ण भोसरीच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात होते. पुढे बाहेरची यंत्रं स्वस्तात येऊ लागली आणि कारखान्याने त्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊन टाकली. कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, याच्या लांब पट्ट्या ते ट्रेसिंग पेपरवर आखत आणि काम होईल तसा पट्टीत निळ्या पेन्सिलीने रंग भरत. मात्र खाली यंत्रांच्या शॉपमध्ये जाऊन त्या कामाला स्वतः हात लावून आल्याशिवाय नाही. फोरमनने शपथेवर सांगितलं तरी नाही. स्वप्नात त्यांचा कागद रस्त्याएवढा लांब झाला होता. कानावर पेन्सिल ठेवून ते त्यावरून चालले होते आणि बस त्यांच्या मागोमाग, हॉर्न न वाजवता.

उल्काचं कामही तसलंच, फक्त कागद नव्हता. ती शेड्यूलर होती. तिच्या वरिष्ठ श्यामलाताई प्लॅनर. कशानंतर काय करायचं, किती माणसं लागतील, हे त्या ठरवत. उल्काने त्याला तारखा लावायच्या आणि दर शुक्रवारी विचारपूस करून खरोखर किती झालं ते भरायचं. प्रोजेक्ट मॅनेजर आमोदचा हुकूम या दोघींवर चालत नसे. ज्याच्या उशिराची नोंद ठेवायची, त्याच्याच हाताखाली बसून ती ठेवायची नाही, असा कंपनीचा जुना शिरस्ता होता.

ती रजेवर असताना तो शिरस्ता मोडला. मेलमध्ये कोण कोणाच्या हाताखाली याचा नवा तक्ता येऊन पडला होता. उल्काच्या चौकोनातून निघालेली जाड रेघ आता आमोदकडे जात होती. श्यामलाताईंकडे जाणारी तुटक झाली होती.

तिने शेड्यूल उघडलं. परदेशातल्या एका विमा कंपनीच्या अकरा लाख पॉलिसी जुन्या संगणकातून नव्या संगणकात हलवायच्या होत्या, शनिवारी, बारा डिसेंबरला. त्याआधी नकलेवर एक रंगीत तालीम. तालमीची पट्टी पूर्ण हिरवी होती. संपल्याची तारीख, बुधवार, अकरा नोव्हेंबर.

तो बुधवार तिला मिनिटामिनिटाने आठवत होता. ती टीम लीडर सुदर्शनच्या शेजारी वेळ टिपत बसली होती. तीन चाळीसला, सात लाखांवर आकडा अडकला. सुदर्शन ‘च्यायला’ म्हणाला आणि तिचा फोन वाजला. आईचा होता. ती घरी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

हिरवी पट्टी त्या दिवसापाशी येऊन कशी नीट थांबली होती. उल्का बघत राहिली. त्या दिवशी निदान काहीतरी पुरं झालं, असं कुठेतरी लिहिलेलं आहे, याचं तिला बरं वाटत होतं. तसंच राहू द्यावं, कोणी विचारणारही नव्हतं.

ती उठून सुदर्शनकडे गेली.

“मी गेल्यावर तालीम पुन्हा केलीत?”

“कुठं मॅडम! अडकलं ते अडकलंच. आमोद सर म्हणाले, सात लाख गेल्या म्हणजे रस्ता कळला, बाकीच्या मागनं येतील. मेंढरंच जणू.” मग तो ओशाळला. “सॉरी मॅडम. आधी घरचं विचारायचं सोडून...”

“राहू दे. उरलेल्या चार लाखांत कोण आहे?”

“सगळ्यात जुन्या पॉलिसी. म्हातारी माणसं. त्यांच्याच जन्मतारखा अडकतात.”

“आणि खऱ्या हलवाहलवीत अडकल्या तर?”

“जुन्यातून निघालेल्या, नव्यात न पोचलेल्या. सोमवारी त्या माणसांची नावं कुठंच नसतील.”

ती जागेवर आली तर आमोद तिथेच उभा होता. “उल्का, कशी आहेस? बाबांचं कळलं, फार वाईट वाटलं.” त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं. “शेड्यूल मीच अपडेट करून ठेवलंय. तू फक्त क्लायंटला पाठव.”

“तालीम पुरी झालेली नाही.”

“नव्वद टक्के झालीच की.”

“अकरातले सात. चौसष्ट.”

“हे बघ, आता तू माझ्याकडे रिपोर्ट करतेस. तारीख मी ठरवणार.”

“पुढची ठरव ना. त्या बुधवारी काय संपलं आणि काय नाही, ते मला माहीत आहे.”

आमोद जायला निघाला. मग हळू आवाजात म्हणाला, “मार्चमध्ये तुझं अप्रेझल मीच लिहिणार आहे, एवढं लक्षात ठेव.”

तो गेल्यावर तिने श्यामलाताईंना फोन लावून सगळं सांगितलं.

“अगं, मी आता तुटक रेघ,” त्या म्हणाल्या. “माझ्या मताला तक्त्यात किंमत नाही.”

“तक्त्याबाहेर सांगा.”

“उरलेल्या तालमीला सुदर्शनला किती दिवस लागतील?”

“कामाचे बारा दिवस म्हणतो.”

“मग हलवाहलवी त्यानंतरच्या शनिवारी, एकोणीसला. पुढचा क्रम मी लावून देते. पण झालं किती, ते तूच भरायचंस. तू कोणाच्याही खाली बसलीस तरी.”

उल्काने शंभर खोडून चौसष्ट लिहिलं. संपल्याची तारीख नाहीशी झाली. हिरवा रंग मागे सरकला आणि रिकामी पट्टी बुधवार ओलांडून पुढे निघाली, घरात माणसं बसून होती त्या दिवसांवरून, चौदाव्यावरून, आजच्या शुक्रवारावरून, पंधरा डिसेंबरपर्यंत. मधल्या सोळा दिवसांसमोर तिने शून्य लिहिलं. खरंच काही झालं नव्हतं. आता तिला रडू आलं, पण फार नाही.

शेड्यूल क्लायंटला गेलं. प्रती आमोदला आणि श्यामलाताईंना. पाचच मिनिटांत आमोद आला. चेहरा उतरला होता.

“एकोणीस म्हणजे एकोणीसच ना? पुन्हा हलली तर मी कुठे तोंड दाखवू?”

“हलली तर शुक्रवारी सांगेन.”

“कुठल्या शुक्रवारी?”

“चार डिसेंबर,” उल्का म्हणाली. सोळा दिवसांत पहिल्यांदाच तिने पुढची एखादी तारीख उच्चारली होती.